पडदा विझल्यावर काय उरते?



मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आपल्या धर्मग्रामातला एक तरुण आम्हांला भेटायला आला. हातात कापडी पिशवी होती, पुस्तकांनी फुगलेली. ती टेबलावर ठेवून तो म्हणाला, "फादर, ही तुमच्याकडे ठेवा, नाहीतर रद्दीत द्या. मला आता घरात नकोत." त्याची हकिकत त्याच्याच परवानगीने आज सांगत आहोत. नाव मात्र सांगणार नाही.

पिशवीत जपानी चित्रकथांची पुस्तके होती. त्यांना 'मांगा' म्हणतात आणि जपानी पद्धतीच्या कार्टून मालिकांना 'ॲनिमे'. वडीलधाऱ्यांना ही नावे नवी वाटतील. परंतु घरातील लहान मुले ज्या 'डोरेमॉन'कडे बघत बघत जेवतात, तोही याच गोतावळ्यातला.

हा तरुण डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. दोन विषयांत केटी लागली होती. हिशेब त्याने स्वतःच मांडून आणला होता. 'नारुतो' आणि तिची पुढची मालिका मिळून ७२० भाग. एक भाग साधारण २३ मिनिटांचा. म्हणजे २७६ तास. रोज एक तास पाहिले तर नऊ महिने पुरावेत; त्याने ते दोन महिन्यांच्या सुट्टीत संपवले होते. त्यानंतर दुसरी मालिका, मग तिसरी. पहाटे तीनला झोपायचे, रविवारची मिस्सा चुकवायची. कधीकाळी तो गायनवृंदात गिटार वाजवत असे. त्या गिटारच्या तारांना गंज चढला होता.

बरे, त्याने सुधारण्याचा प्रयत्न केला नव्हता असेही नाही. भिंतीवर वेळापत्रक लावले होते. पहाटे पाचला उठणे, धावणे, व्यायाम, इंग्रजी, अभ्यासाचे सहा तास, जपानी भाषा. चौथ्या दिवशी सगळे कोलमडले. पुन्हा केले, पुन्हा कोलमडले. म्हणून आता ही पिशवी. "सगळंच बंद करून टाकतो, फादर."

आम्ही त्याला एकच प्रश्न विचारला, "घरी तुझी वाट कोण पाहतं?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "धाकटी बहीण. नववीत आहे. आधी गणितं विचारायला यायची. मी म्हणायचो, थांब, एवढा भाग संपू दे." आणि खाली बघत म्हणाला, "आता ती विचारतच नाही."

बंधुभगिनींनो, केटी सुटते, गिटारच्या तारा बदलता येतात. परंतु एखाद्याने आपल्याला विचारणेच सोडून दिले तर काय करायचे?

हा छंद पाप आहे का, असे काही पालक आम्हांला विचारतात. चित्रकथा वाचणे किंवा मालिका पाहणे हे पाप नाही. २०२५ च्या जयंती वर्षासाठी व्हॅटिकनने 'लूचे' नावाची छोटी यात्रेकरू मुलगी शुभंकर म्हणून निवडली, तिचे रूपही जपानी कार्टूनच्याच वळणाचे आहे. प्रभू येशूनेही दमून आलेल्या शिष्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले, असे संत मार्क लिहितो. विसावा ही देवाची देणगी आहे. अर्थात प्रत्येक मांगा मुलांसाठी नसतो. काही खास प्रौढांसाठी असतात, काहींत हिंसा व अश्लीलता असते. पालकांनी 'कार्टूनच तर आहे' म्हणून पाठ फिरवू नये, मुलांबरोबर बसून पाहावे. पण चांगल्या गोष्टीचेही अति झाले की माती होतेच. मग प्रमाण ओळखायचे कसे?

या बाबतीत आपल्याला दोन स्पॅनिश संत मदत करतात. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये शूर सरदारांच्या कादंबऱ्यांचे वेड होते. राक्षस, तलवारी, अशक्य पराक्रम. आजच्या ॲनिमेसारखेच म्हणा ना! आविलाच्या संत तेरेजाच्या आईला त्या फार आवडत. मुलीलाही गोडी लागली. पण आपल्या आत्मचरित्रात तेरेजा प्रामाणिकपणे कबूल करते, की आई घरची कामे सांभाळून वाचत असे, म्हणून तिचे नुकसान झाले नाही. आपण मात्र वडिलांपासून लपवून रात्रंदिवस वाचत होतो आणि हाती नवे पुस्तक नसले की आपल्याला चैन पडत नसे. पुस्तक तेच, घर तेच. एकीला ते विरंगुळा झाले, दुसरीला बेडी!

दुसरा संत इग्नाशियस लोयोला. १५२१ साली पॅम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. बिछान्यावर पडल्या पडल्या त्याने त्याच कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. तो कधी सरदारकीची स्वप्ने रंगवी, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही गोड वाटत. पण हळूहळू त्याच्या लक्षात आले, की पहिली स्वप्ने सरली की मन कोरडे पडते. दुसरी सरली तरी आनंद मागे राहतो. पुढे ज्या आत्मपरीक्षणासाठी तो जगभर ओळखला गेला, त्याचे बीज या बिछान्यावर रुजले.

आपणही हाच प्रश्न स्वतःला विचारू या. पडदा विझल्यावर काय उरते? मन ताजे होऊन आपण उठतो, की चिडचिड आणि रिकामेपण घेऊन? आईने हाक मारली तर 'ओ' देतो, की अंगावर धावून जातो? याचे उत्तर घड्याळ देणार नाही, आपले मनच देईल.

त्या तरुणाला आम्ही त्याच्या आवडत्या पात्राविषयी विचारले. त्याचा चेहरा उजळला. 'नारुतो'मध्ये रॉक ली नावाचा मुलगा आहे. इतरांना जमणाऱ्या निंजांच्या जादूविद्या त्याला जमत नाहीत. त्याच्याकडे फक्त मेहनत आहे. पायांना वजने बांधून तो सराव करतो. 'स्लॅम डंक' या बास्केटबॉलच्या मांगातला साकुरागी थोड्याच दिवसांत वीस हजार वेळा चेंडू बास्केटमध्ये टाकण्याचा सराव करतो. आणि 'नारुतो' लिहिणारे-रेखाटणारे मसाशी किशिमोटो? १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे, साप्ताहिकाच्या मुदती पाळत, त्यांनी कथेची ७०० प्रकरणे पूर्ण केली.

आम्ही म्हणालो, "बघ, यातल्या प्रत्येकाने घाम गाळला. रॉक लीने, साकुरागीने, किशिमोटोंनी. तू फक्त तो घाम पाहिलास." दुसऱ्याची मेहनत पाहून आपल्याला मेहनत केल्यासारखे वाटते, छाती भरून येते. पण आपला शर्ट कोरडाच असतो. यात बिचाऱ्या कथेचा दोष नाही. ती आपल्याला उठवायला आली होती, आपण तिला उशाला घेऊन झोपलो.

मग सगळे रद्दीत टाकावे का? संत मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एक दाखला देतो. अशुद्ध आत्मा माणसातून निघून जातो. घर झाडून-पुसून स्वच्छ होते, पण रिकामे राहते. मग तो आत्मा आपल्याहून दुष्ट असे सात सोबती घेऊन परत येतो आणि त्या माणसाची शेवटची स्थिती पहिल्यापेक्षा वाईट होते. आम्ही हा दाखला त्या तरुणाला सांगितला आणि पिशवी त्याच्याकडे परत सरकवली. मांगा गेला तर त्या रिकाम्या जागी उद्या मोबाइलवरचा खेळ येईल, परवा आणखी काही. घर रिकामे करण्याआधी त्यात कोणाला राहायला आणायचे ते ठरवले पाहिजे.

आणि ते भिंतीवरचे वेळापत्रक? 'डोरेमॉन'मध्ये एक गमतीदार गोष्ट आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी नोबिता घाबरतो. डोरेमॉन त्याला जादूचा पाव देतो. पावाचा तुकडा पुस्तकाच्या पानावर दाबायचा, अक्षरे पावावर उमटतात, तो खाल्ला की सारे पाठ! नोबिता खातच सुटतो. शेवटी पोट बिघडते आणि पाठ झालेले सगळे पोटाबरोबरच रिकामे होते. आपण हसतो. पण एका रात्रीत आखलेले, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचे आत्मसुधारणेचे वेळापत्रक म्हणजे तोच पाव नव्हे काय? आपण आरंभशूर आहोत. एका दिवसात संत व्हायला निघतो आणि चौथ्या दिवशी निराश होऊन पुन्हा पडद्यासमोर बसतो.

त्या वेळापत्रकात आणखी एक उणीव होती. माझे शरीर, माझे गुण, माझे इंग्रजी, माझे जपानी. त्यात 'मी' सोडून कोणीच नव्हते! छंदात रमलेला माणूस दार लावून घेतो, तसा स्वतःलाच घडवत बसलेला माणूसही दार लावून घेतो. बहीण दोन्ही वेळा बाहेरच उभी राहते. म्हणून आम्हांला वाटते, की छंद आणि आत्मसुधारणा यांचा तोल केवळ तासांची वाटणी करून साधत नाही. आपली वाट पाहणाऱ्याला आधी आत घ्यावे लागते. देवाने दिलेली बुद्धी आणि कला इतरांच्या उपयोगी पडू लागली, की सुधारणेला कारण मिळते आणि छंदाला आपोआप कुंपण पडते.

या आठवड्यासाठी काही साध्या गोष्टी सुचवतो.

१. प्रथम घरातल्या एका माणसासाठी रोजची वीस मिनिटे ठरवू या. ती कोणत्याही भागासाठी पुढे ढकलायची नाहीत.

२. सुधारणेचे एकच काम निवडू या, आणि तेही लहान. ज्याला जपानी शिकायचे आहे त्याने रोज पाच अक्षरे गिरवावीत. हिरागाना लिपीची मूळ अक्षरे ४६ आहेत; दहा दिवसांत पूर्ण होतील. थेंबे थेंबे तळे साचे.

३. छंदाची मर्यादा पाहायला बसण्यापूर्वीच ठरवू या. प्रत्येक भाग उत्कंठेच्या टोकावर आणून सोडलेला असतो, त्यामुळे मध्येच उठणे कठीण जाते. २०२५ साली संतपदाला पोहोचलेला कार्लो अकुतिस पंधरा वर्षांचे आयुष्य जगला. त्याला व्हिडिओ गेम आवडत. त्यासाठी त्याने स्वतःच आठवड्याला एका तासाची मर्यादा घालून घेतली होती.

४. रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे प्रभूसमोर बसून विचारू या, की आज पडदा विझल्यावर माझ्यात काय उरले? आणि चुकलो तर वेळापत्रक फाडू नये. क्षमा मागावी, उद्या पुन्हा सुरुवात करावी. आपण स्वतःच्या बळावर सुधारत नाही. कृपा हात धरून उठवते.

पालकांनाही एक विनंती. मुलाच्या छंदाला हसू नका. आपणही रात्री मालिका पाहतो, क्रिकेट पाहतो, तेव्हा आजीची रोझरी संपायची वाट किती अधीरतेने पाहतो! 'हे काय बघतोस?' असे दरडावण्याऐवजी 'मलाही सांग ना, ही गोष्ट काय आहे?' असे विचारून पाहा. दार आतून उघडेल.

शेवटी, जपानचे नाव निघाले की वसईच्या ख्रिस्ती माणसाला एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. संत गोन्सालो गार्सिया. हा आपल्या वसईचा मुलगा कोवळ्या वयात जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि तेथील भाषा शिकला. पुढे तो व्यापारी झाला, तेव्हा ती भाषा त्याला धंद्यात उपयोगी पडली. मग मनिला येथे तो फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि तीच भाषा घेऊन, धर्मगुरूंचा दुभाषा म्हणून, पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर मरण आले, त्यांत तो होता. भाषा तीच होती. आधी ती स्वतःसाठी होती, नंतर दुसऱ्यांसाठी झाली. आपल्या मुलांना आज जपानची ओढ लागली आहे, तिचे उद्या काय होईल, हे कोण सांगू शकेल?

तो तरुण पिशवी घेऊन घरी गेला. सगळे लगेच सुरळीत झाले असे नाही. एका विषयाची केटी अजून बाकी आहे, आणि अधूनमधून रात्री उशीर होतो, असे तो स्वतःच सांगतो. पण गिटारला नव्या तारा लागल्या आहेत. आणि परवा मिस्सेनंतर तो आम्हांला आवारात गाठून म्हणाला, "फादर, महिनाभर मीच तिच्या टेबलापाशी जाऊन बसत होतो. काल ती स्वतः वही घेऊन आली."

आपल्या प्रत्येकाच्या दाराशी असे कोणीतरी वही घेऊन उभे आहे. त्यांना 'थांब' म्हणण्याची वेळ आपल्यावर न येवो, आणि आपण त्यांच्यासाठी उठलो की आपल्या विसाव्यालाही प्रभू आशीर्वाद देवो. आमेन.