एकशे शहात्तर किलोमीटर

चावी फिरवली, समोरची काच उजळली आणि मीटरवर आकडा आला : १७६.

२०२४ च्या दसऱ्याला चार दिवस उरले होते. गाडीचं पासिंग अजून व्हायचं होतं. नानांचा हट्टच होता, गाडी बघायची तर पासिंगच्या आधी. "एकदा नंबर पडला की गाडी तुझ्या नावची झाली. मग खोट सापडली तरी नुसती भांडणं होतात." म्हणून आम्ही दोघं साताऱ्यातल्या शोरूमच्या यार्डात भर उन्हात उभे होतो.

माझं डोकंच फिरलं. "नवी गाडी म्हणून पैसे घेता आणि पावणेदोनशे किलोमीटर फिरवून देता?"

"सर, शंभर-दोनशे चालतात," विक्रीवाला मुलगा हसून म्हणाला. "ट्रान्सपोर्टमध्ये होतात तेवढे."

"ट्रेलरवर चढवलेल्या गाडीची चाकं फिरतात होय, बाळा?" नानांनी विचारलं. आवाज अजिबात चढला नव्हता.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. एसटीत एकतीस वर्षं चालक. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांनी अजून देवघराशेजारच्या कोनाड्यात जपून ठेवलाय. आगारातून गाडी काढताना किती किलोमीटर, परत आणताना किती, डिझेल किती लागलं, हे लॉगशीटवर उतरल्याशिवाय त्यांचा दिवस संपत नसे. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. खिशात एक छोटी वही असते. कुणाचीही गाडी चालवली तरी सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा तीत लिहितात.

नव्या गाडीवर किती किलोमीटर असले तर चालतात, असं लोक विचारतात. त्याचा आकडा कायद्यात लिहिलेला नाही. कारखान्यातून बाहेर पडताना गाडी थोडी चालते, ट्रेलरवर चढते, उतरते, यार्डात हलते, पेट्रोल पंपावर जाते, ताब्यात देण्याआधीच्या तपासणीत, ज्याला तिथली मुलं पीडीआय म्हणतात, तिची एक छोटी फेरी होते. पाच-पंचवीस, कधी पन्नास सहज होतात. दुसऱ्या गावच्या यार्डातून रस्त्याने आणली तर शंभराच्या पुढेही जातात. मात्र वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणं ही ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. आमची गाडी यातल्या कुठल्या बाजूला बसते, ते १७६ या आकड्याकडे बघून कळणार नव्हतं.

नाना खाली वाकले. टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते मधल्या भागावरचे झिजले होते, कडेचे शाबूत होते. टायरच्या अंगावर २८२४ हे चार अंक होते : २०२४ चा अठ्ठाविसावा आठवडा, म्हणजे जुलै. विक्री प्रमाणपत्राच्या मसुद्यात उत्पादनाचा महिना ऑगस्ट लिहिला होता. ते जुळलं. चासी नंबरचे सतरा अंक-अक्षरं त्यांनी एकेक करून कागदाशी ताडून पाहिली. मग वही उघडून विक्रीवाल्या मुलाला म्हणाले, "गाडी वाईट न्हाई. आता मला ह्या एकशे शहात्तरांचा हिशेब सांग."

त्याला सांगता येईना. शेजारच्या गाडीला पॉलिश करत असलेला पीडीआयचा पोरगा मात्र हात पुसत पुढं आला.

"आजोबा, मी सांगतो. हा रंग आपल्याकडं नव्हता. दसऱ्याला पाहिजे म्हणून पुण्याच्या यार्डातून मीच चालवत आणली. तिथं ट्रेलरवरून उतरली तेव्हा बारा होते. इथं आल्यावर एकशे तीस." त्याने फाइल आणली. टोलच्या दोन पावत्या होत्या, खेड शिवापूर आणि आनेवाडी, एकाच दिवसाच्या, तासाभराच्या अंतराने फाडलेल्या. सोबत ट्रेड सर्टिफिकेटची प्रतही होती.

"बारा आणि एकशे अठरा. एकशे तीस झाले," नाना लिहीत म्हणाले. "पंपावर आन् यार्डात?"

"सहा असतील."

"राहिले चाळीस."

पोरगा गप्प झाला. विक्रीवाला त्याच्याकडे डोळे वटारून बघत होता. त्या पोराची नोकरी किती पगाराची असेल, ते त्याच्या चपलेवरून दिसत होतं. तरी तो बोलला. "ट्रायलची गाडी बंद पडली होती. एका गिऱ्हाइकाला ही दाखवली. कोरेगावला जाऊन आले."

चाळीस किलोमीटर कुणी काय एवढं मनावर घ्यावं, असं वाटेल. पण पहिल्या हजार किलोमीटरांत इंजिन बसतं. त्या काळात जपून चालवा, एकदम ताणू नका, असं गाडीसोबतच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. ट्रायल घेणारा माणूस नेमकं उलटं करतो. गाडी किती पळते तेच त्याला बघायचं असतं.

मॅनेजर आले. मी गाडी नाकारायच्या तयारीत होतो. नानांनी मला हाताने थांबवलं. "साहेब, पुण्याहून आणली त्याची तक्रार न्हाई. पावती हाय, गरज आमचीच होती. ह्या चाळिसांचं मात्र लिहून द्या. उद्या इंजिनात काही निघालं तर ट्रायलला वापरली होती हे तुमच्या सहीनं असू द्या. आन् ह्या पोराला काही बोललात तर मी परत येईन."

मॅनेजर थोडा वेळ कागदांकडे बघत राहिले. मग त्यांनी शोरूमच्या लेटरहेडवर सगळं लिहून, सही-शिक्का करून दिलं. पहिल्या सर्व्हिसला इंजिनची वेगळी तपासणी करून देऊ, असंही त्यात घातलं.

मी खूश झालो. पेढे मागवावेत असा विचार करत होतो. तेवढ्यात एक्स्चेंजचा फॉर्म घेऊन दुसरा मुलगा आला. माझी जुनी डिझेल गाडी फाटकाशी उभी होती. "सर, रीडिंग अडुसष्ट हजार चारशे. बरोबर ना? इथं सही."

मी पेन हातात घेतलं. नानांनी पुन्हा वही उघडली. यावेळी बरीच मागची पानं.

"आषाढीला पंढरपूरला मी चालवत नेली होती ती. निघताना एक लाख सतरा हजार सहाशे चाळीस."

आजूबाजूचे आवाज मला ऐकू येईनासे झाले. महिन्यापूर्वी एका माणसाने लॅपटॉप जोडून पाऊण तासात मीटर मागे घेऊन दिला होता. सगळेच करतात, असं तो म्हणाला होता आणि मीही तेच स्वतःला सांगितलं होतं. पन्नास हजार किलोमीटर मी पुसून टाकले होते आणि आत्ता चाळिसांसाठी यार्ड डोक्यावर घेतलं होतं.

नाना ओरडले नाहीत. मला बाजूला, लिंबाच्या सावलीत घेऊन गेले.

"ह्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदललाय?"

"नाही."

"तो किलोमीटर मोजून बदलतात. घेणारा अडुसष्ट हजार बघेल आन् म्हणेल, अजून लई अवकाश हाय. बायकापोरांना घेऊन खंबाटकी चढत असेल आन् तिथं बेल्ट तुटला तर? इंजिन तर जाईलच. मागनं भरलेला ट्रक येत असला तर काय होईल, ते मला विचार. मी एकतीस वर्षं घाट चालवलाय."

मी खाली बघत होतो. ते पुढं म्हणाले, "त्या पोरानं नोकरी डावावर लावून चाळिसांचा हिशेब दिला. आता तू दे."

मी परत गेलो. फॉर्मवरचा आकडा खोडला आणि आषाढीनंतरच्या फेऱ्या धरून १,१८,४०० लिहिलं. मीटर मागे घेतला होता, टायमिंग बेल्ट बदलायचा राहिलाय, हेही खाली लिहून सही केली. मॅनेजरांनी फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं. गाडीची किंमत पंचावन्न हजारांनी उतरली. नवी गाडी घेण्यासाठी मला तेवढं जास्त कर्ज काढावं लागलं आणि तो हप्ता मी अजून भरतो आहे. बायकोला त्या रात्री सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "नानांना जेवायला थांबवायला हवं होतंत."

दसऱ्याच्या सकाळी गाडी दारात आली. आईने कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, मी नारळ फोडला. पीडीआयच्या त्या पोराला पेढ्यांचा पुडा आणि आपट्याची पानं द्यायला नाना स्वतः शोरूमला जाऊन आले होते. तो कामावर होता.

नानांनी मला एक कोरी वही दिली. पहिल्या ओळीत त्यांच्या अक्षरात चार आकडे होते : १२, ११८, ६, ४०. त्यांच्याखाली बेरीज, १७६.

ती वही गाडीच्या कप्प्यात असते. आज सकाळी तिच्यात २३,४१२ लिहिले.