मधे सुटलं होतं

सकाळी पुण्याच्या हनुमान टेकडीवर येणारे काही चेहरे अधूनमधून दिसेनासे होतात आणि सहा-आठ महिन्यांनी पुन्हा दिसतात. परत आलेला माणूस थोडा कडेकडेने चालतो. कुणी काही विचारलेलं नसतं, तरी आपणहून सांगतो, "मधे सुटलं होतं हो." चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. ही लाज बहुतेक वेळा अन्यायाची असते.

चालणं सुटलं आणि उतरलेलं वजन पुन्हा चढलं, की दोष सरळ स्वभावाला जातो. निग्रह नाही, जिभेवर ताबा नाही. घरचेही हेच म्हणतात. पण मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये जे दाखवलं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं. पन्नास स्थूल माणसांना त्यांनी दहा आठवडे अगदी तुटपुंज्या आहारावर ठेवलं. वजन चांगलं उतरलं. त्यानंतर वर्षभराने रक्त तपासलं, तर भूक चेतवणारं घ्रेलिन अजून चढलेलंच होतं आणि अंगात साठा पुरेसा आहे असं मेंदूला कळवणारं लेप्टिन खालीच होतं. त्या माणसांना भूकही पूर्वीपेक्षा जास्त लागत होती. दुष्काळ भोगलेलं घर सुगी आली तरी कणगी भरून ठेवतं, तसं शरीर गेलेलं वजन परत मागत राहतं. त्याचा माणसाच्या लायकीशी काहीही संबंध नाही.

म्हणूनच या खेपेला जुनाच मार्ग आणखी कडकपणे धरणं मला चुकीचं वाटतं. भात बंद, रात्रीचं जेवण बंद, महिन्यात दहा किलो! इतक्या झपाट्याने वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि या वयात ते तसेही हळूहळू कमी होतच असतात. जिना चढायला, मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठायला जे लागतं, तेच आपण गमावतो. काट्याला मात्र चरबी गेली की स्नायू गेला, यातला फरक कळत नाही.

काट्याची ही मर्यादा पुण्याच्याच एका डॉक्टरांनी जगाला दाखवली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघेही सडपातळ, दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपल्या लोकांची चरबी पोटात साचते आणि मधुमेहाचा धोका तिथूनच वाढतो. कंबरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असं आपल्याकडे सांगतात ते यासाठी. मध्यमवयात वजनकाट्यापेक्षा शिवणाच्या डब्यातली टेप जास्त खरं सांगते, असं माझं मत आहे.

आणि ताकद कोणत्याही वयात येते. बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या घरातल्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या मोजक्या माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी अडीच पटींहून अधिक झाली. मग पन्नाशीला उशीर कसला? शिवाय पूर्वी कधी मनापासून व्यायाम केला असेल, तर त्या स्नायूंना परत तयार व्हायला पहिल्या वेळेइतका काळ लागत नाही. सुटण्याआधीची मेहनत फुकट गेलेली नसते.

चाळिशीत नवा व्यायाम धरल्याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आधी सँडो या पाश्चात्त्य बलोपासकाच्या पद्धतीने व्यायाम करत. चाळिशीच्या सुमारास त्यांनी सूर्यनमस्कार धरले आणि मग ते सोडले नाहीत; संस्थानातल्या शाळांमध्येही सुरू केले. १९५१ मध्ये ते गेले तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते.

तेव्हा आज पुन्हा निघाला असाल, तर कडेने चालू नका. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं झालं तरी चांगली सुरुवात आहे. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस करा, भिंतीला हात लावून दंड काढा, जमतील तेवढे नमस्कार घाला. ताटात वरण, उसळ, दही, चालत असेल तर अंडं, यांना रोज जागा द्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, चढावर छातीत भरून येत असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि मगच बूट बांधा.