वसंतोत्सव आणि सोंगाचे मर्म

महाशिवरात्रीचा उपवास सुटला की मराठवाड्याच्या शिवारात पालट दिसू लागतो. रब्बीची ज्वारी काढणीस येते, हरभरा खळ्यावर पोहोचतो आणि भोकरपासून किनवट-माहूरपर्यंतच्या टेकड्यांवर पळस आपली पाने टाकून केशरी फुलांनी बहरतो. शेतकऱ्याच्या हाताला किंचित उसंत मिळते, घरात नवे धान्य येते आणि ज्याने ते दिले त्याचे स्मरण करावे, अशी बुद्धी होते. फाल्गुन पौर्णिमेची होळी, वद्य षष्ठीची नाथषष्ठी, चैत्र शुद्ध प्रतिपदेचा पाडवा, नवमीचा रामजन्म आणि पौर्णिमेची हनुमान जयंती ही पर्वमालिका याच दिवसांत गुंफलेली आहे.

या पर्वकाळात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि समाप्तीस काल्याचे कीर्तन व महाप्रसाद असा त्यांचा क्रम असतो. त्यांच्याच जोडीने यात्रा-जत्रांतून भारूड, सोंगी भजन आणि गोंधळ रंगतात. परिसरातील बंजारा तांड्यांवर होळीच्या दिवसांत डफाच्या तालावर लेंगी गीते घुमतात, तर नांदेड येथे तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमध्ये होला मोहल्ल्यानिमित्त हल्लाबोल मिरवणूक निघते. भाषा वेगळ्या, वेष वेगळे. परंतु देवापुढे गाणे व नाचणे हा भाव सर्वांचा एकच आहे.

दूरवरून आलेल्या भाविकाच्या मनात येथे एक प्रश्न उद्भवतो. दर्शन, अभिषेक, प्रसाद हा धर्म झाला. रात्रीचे भारूड आणि सोंगे ही मात्र करमणूक, असे त्यास वाटते. म्हणून महाप्रसाद घेऊन तो निघतो, आणि संबळावर पहिली थाप पडते तेव्हा मंडप अर्धा रिकामा झालेला असतो. हा समज कितपत योग्य आहे, याचा विचार उत्सवास येणाऱ्या प्रत्येकाने करावयास हवा.

प्रथम गोंधळाकडे पाहावे. माहूरगडाची श्री रेणुकामाता आणि तुळजापूरची श्री भवानीमाता यांच्या उपासनेतून ही परंपरा वाढली. गोंधळी समाजातील रेणुराई आणि कदमराई या शाखांची नावेही अनुक्रमे याच दोन शक्तिपीठांशी जोडलेली आहेत. गोंधळात चौक भरला जातो, घट मांडला जातो, दिवटी प्रज्वलित होते. मग संबळ व तुणतुण्याच्या साथीने गावोगावच्या देवतांची नावे घेऊन त्यांना पाचारण केले जाते. त्यानंतर देवीचे आख्यान लागते. यात पूजा कोठे संपली आणि कला कोठे सुरू झाली, हे कोणास दाखविता येईल काय? येथे कला ही पूजेनंतरची गोष्ट नसून पूजेचेच एक अंग आहे. आख्यान न ऐकता उठणारा भाविक अर्धी पूजा टाकून उठतो.

यापुढचे पाऊल शांतिब्रह्म श्री एकनाथ महाराजांनी टाकले. नाथांनी पैठण येथे शके १५२१ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीस देह ठेवला. त्याच तिथीस नाथषष्ठीचा सोहळा होतो. भागवताच्या एकादश स्कंधावर भाष्य करणारा हा विद्वान रस्त्यावरच्या माणसाचे बोल आदराने ऐकत असे. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, जोगवा मागणारी स्त्री अशी दारोदार फिरणारी माणसे त्यांनी आपल्या भारुडांत आणली आणि त्यांच्या तोंडून वेदान्त वदविला. त्यांच्या विंचवाच्या भारुडात विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्याचे विष उतरविणारा उपाय म्हणजे सत्त्वगुण. ज्यांना शास्त्राचे दार बंद होते त्यांच्यासाठी नाथांनी शास्त्रालाच सोंग घ्यावयास लावले आणि ते गल्लीत आणून उभे केले.

सोंग हा शब्द व्यवहारात हलका झाला आहे. भारुडात मात्र तो फार मोठा आहे. सोंग घेणारा शेतकरी जाणून असतो की आपण भुत्या नाही, जोशी नाही. खेळ संपला की तो रंग धुतो आणि दुसऱ्या दिवशी शेतावर जातो. जीवाची स्थिती याहून निराळी नाही. मालक-मजूर, श्रीमंत-गरीब, विद्वान-अडाणी ही सारी घेतलेली सोंगे होत. फरक इतकाच की भारूड करणारा आपले सोंग विसरत नाही आणि पाहणारा मात्र स्वतःचे सोंग खरे मानून बसतो. ते सोंग आहे एवढी आठवण करून देण्यासाठीच संतांनी हा खेळ मांडला.

ही शिकवण प्रत्यक्ष आचरून दाखविणारे सत्पुरुष याच जिल्ह्यास लाभले. भोकरलगतच्या उमरी तालुक्यातील गोरटे हे गाव संतकवी श्री दासगणू महाराजांचे स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. महाराजांचे मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म १८६८ चा. पूर्वायुष्यात ते पोलीस खात्यात नोकरीस होते आणि तमाशासाठी लावण्या रचण्याचा त्यांना नाद होता. पुढे शिर्डीच्या श्री साईबाबांच्या सहवासात त्यांचे जीवन पालटले. त्यांनी नोकरी सोडली, परंतु शब्दकळा सोडली नाही. जी लेखणी लावणीसाठी झिजत होती तीच संतचरित्रांसाठी झिजू लागली. लक्षावधी भाविक ज्याचे पारायण करतात तो एकवीस अध्यायांचा ‘श्री गजानन विजय’ ग्रंथ त्यांनी शके १८६१ मध्ये, म्हणजे १९३९ साली, शेगावी पूर्ण केला.

श्री साईसच्चरितात त्यांची एक हकीकत आली आहे. शिर्डीत कीर्तनास निघताना महाराजांनी प्रथेप्रमाणे अंगरखा, उपरणे, फेटा असा थाट केला होता. ते नमस्कारास गेले तेव्हा बाबांनी त्यांना नवरदेवाप्रमाणे नटण्याचे कारण विचारले आणि हे सारे कशास हवे, असे सुचविले. महाराजांनी तत्काळ ती वस्त्रे उतरवून बाबांच्या चरणी ठेवली. तेव्हापासून ते उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हातात चिपळ्या घेऊन, नारदांच्या पद्धतीने कीर्तन करीत राहिले. शिर्डीच्या रामनवमी उत्सवातील कीर्तनसेवा १९१४ पासून त्यांच्याकडे कायमची सोपविली गेली. १९६२ साली त्यांनी देह ठेवला.

नाथांनी सोंग घ्यावयास शिकविले आणि बाबांनी दासगणूंना थाट उतरविण्यास सांगितले. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरुद्ध भासतात. विचार केला असता दोहोंचे मर्म एकच आहे, असे दिसून येते. लोकांसाठी घेतलेले सोंग ही सेवा होय. स्वतःसाठी घेतलेला थाट हा अहंकार होय. बाबांनी कलेचा त्याग करण्यास सांगितले नाही. शब्द राहिले, सूर राहिला, चिपळ्या राहिल्या. केवळ मिरवण्याची इच्छा गेली.

देव, ऋतू आणि नाट्य यांचे हे नाते अन्यत्रही आढळते. प्राचीन ग्रीसमधील अथेन्स नगरात वसंत ऋतूच्या प्रारंभी डायोनिसस या देवतेच्या उत्सवात नाटके होत. तेथील थोर शोकांतिका याच उत्सवासाठी लिहिल्या गेल्या. आपल्याकडे विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि तेथून आधुनिक मराठी रंगभूमीचा इतिहास सांगितला जातो. मात्र त्यापूर्वी कित्येक पिढ्या मराठी माणसाने नाट्य पाहिले ते देवळाच्या सभामंडपात आणि जत्रेच्या पटांगणात.

आज या परंपरेची स्थिती काय आहे, हे दात्यांपुढे मांडणे उचित ठरेल. उत्सवासाठी देणग्यांचा ओघ कमी नाही. मंडप, रोषणाई, ध्वनिक्षेपक यांसाठी उदारहस्ते दिले जाते. परंतु रात्रभर संबळ वाजविणाऱ्याच्या हाती नारळ, विडा आणि अल्पशी बिदागी पडते. त्याचा मुलगा हे पाहतो आणि कामधंद्यासाठी शहराची वाट धरतो. संबळ खुंटीवर टांगला जातो. मग आख्यान जाणणारा एक माणूस गेला म्हणजे त्याच्याबरोबर कित्येक आख्यानेही जातात. छापील ग्रंथ पुन्हा छापता येतो. गळ्यातून गळ्यात गेलेली विद्या एकदा खंडित झाली की पुन्हा उभी राहत नाही. कळसाचे दान जसे पुण्यप्रद, तसेच भारूडकऱ्याच्या घरचा शिधा, गोंधळ्याच्या मुलाचे शिक्षण किंवा जुन्या वाद्याची दुरुस्ती यांसाठी केलेले दानही देवाच्याच चरणी पोहोचते.

दान देतानाही दासगणू महाराजांचा तो उतरविलेला फेटा दृष्टीपुढे असावा. फलकावरील नाव हादेखील एक थाटच होय. नावासह दिलेल्या दानाने देवाचे कार्य होते, यात शंका नाही. परंतु नाव उतरवून दिलेल्या दानाने दात्याचेही कार्य होते.

उत्सवाच्या अखेरीस ललित करण्याची रीत महाराष्ट्रात प्राचीन आहे. देवाचे सिंहासन मांडले जाते, त्यापुढे एकामागून एक सोंगे येतात आणि शेवटी देवाजवळ मागणे मागितले जाते. ते मागणे एकट्यापुरते नसते. गावाला पाऊस, गुराढोरांना चारा, लेकराबाळांना आरोग्य आणि सर्वांना सद्बुद्धी मागावयाची असते. इतकी सोंगे पाहून झाल्यावर ‘मी’ थोडा सैल झालेला असतो, म्हणूनच मागण्यात ‘आम्ही’ येतो. वसंतोत्सवाचे फळ ते हेच.

दर्शनास आलेल्या भाविकांनी प्रसाद अवश्य घ्यावा आणि प्रसादानंतर मंडपात घटकाभर बसावे. दिवटी पाजळलेली असेल, चौक भरलेला असेल. शेवटचे मागणे मागितले जाईल तेव्हा त्यात आपलाही स्वर मिसळावा आणि मगच परतीची वाट धरावी. श्रींची कृपा सर्वांवर अखंड राहो.

॥ शुभं भवतु ॥