दुसरा बाण टाळता येतो

समजा, रात्रीचे आठ वाजले आहेत. परगावी नोकरी करणाऱ्या मुलाला तुम्ही फोन लावता. रिंग वाजत राहते, तो उचलत नाही. मन म्हणते, ‘कामात असेल.’ पाच मिनिटांनी तेच मन म्हणते, ‘आईवडिलांसाठी दोन मिनिटेही नाहीत का?’ आणि जेवायला बसेपर्यंत त्याच्या दहावीपासून तुम्ही काय काय केले, याचा सगळा हिशोब मांडून झालेला असतो. नऊ वाजता त्याचा फोन येतो. तुम्ही म्हणता, ‘बोल, मिळाला का वेळ?’ त्याला काहीतरी सांगायचे असते. पण तो म्हणतो, ‘काही नाही, सहज केला होता,’ आणि फोन ठेवतो.

आता जरा थांबून पाहा. त्या एका तासात प्रत्यक्षात काय घडले? एक फोन उचलला गेला नाही, एवढेच. बाकी सगळे तुमच्या मनात घडले. पण त्याची किंमत मात्र तुम्ही दोघांनीही मोजली.

भगवान बुद्धांनी यासाठी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. तो संयुत्त निकायात येतो. माणसाला वेदना होते, हा पहिला बाण. त्या वेदनेवर तो शोक करतो, चरफडतो, हा दुसरा बाण. ज्याचे मन जागे नाही त्याला दोन्ही बाण लागतात. जो जागा आहे त्याला एकच लागतो. ज्ञानी माणसाला वेदनाच होत नाही, असे बुद्ध म्हणत नाहीत, हे लक्षात घ्या. पहिला बाण सर्वांनाच लागतो. दुसरा मात्र आपणच आपल्याला मारून घेतो, म्हणून तो टाळता येतो.

मन कुठे असते?

दुसरा बाण सुटतो तेव्हा आपले लक्ष तिथे नसते. हार्वर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २,२५० प्रौढांना मोबाईलवरून दिवसातून अधूनमधून विचारले: आत्ता काय करत आहात, मन त्याच कामात आहे का, आणि कसे वाटते आहे? सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते, दुसरीकडेच भटकत होते. आणि भटकणाऱ्या मनाची माणसे कमी आनंदी होती. मन सुखद गोष्टींकडे गेले तरी त्यांचा आनंद हातातल्या कामात रमलेल्या माणसांपेक्षा जास्त नव्हता.

म्हणून सजगता म्हणजे काही अवघड साधना नाही. भांडी घासताना पाण्याचा स्पर्श जाणवणे, चहा पिताना चहाची चव कळणे, समोरचा बोलत असताना त्याचे पूर्ण ऐकणे, ही सजगताच आहे. मन निसटणारच. ते निसटले हे लक्षात येणे आणि त्याला न रागावता परत आणणे, हाच अभ्यास.

विचार म्हणजे सत्य नव्हे

मन जागे असले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. ‘त्याने फोन उचलला नाही’ ही घटना आहे. ‘त्याला माझी किंमत नाही’ हा विचार आहे. दुःख बहुतेक वेळा विचारातून येते, आणि आपण दोष मात्र घटनेला देतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास याच पायावर विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत उभी केली. इच्छा आणि हट्ट यांतला फरक ओळखा, असे ते सांगत. मुलाने फोन उचलावा, ही इच्छा आहे. ती पूर्ण झाली नाही तर थोडे वाईट वाटते. त्याने उचललाच पाहिजे, हा हट्ट आहे. तो पूर्ण झाला नाही तर संताप येतो.

आपल्याकडे महर्षी पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात प्रतिपक्षभावना सांगितली आहे: घातक विचार त्रास देऊ लागले की त्यांच्या विरुद्ध बाजूचे चिंतन करावे. पण याचा अर्थ ‘सगळे छान आहे’ अशी मनाची खोटी समजूत घालणे नव्हे. विरुद्ध विचारही खराच हवा.

तीन पायऱ्या

मन अस्वस्थ झाले की हे करून पाहा.

पहिली, थांबा. उत्तर देण्याआधी तीन सावकाश श्वास घ्या.

दुसरी, ओळखा. ‘आत्ता मला राग आला आहे’ असे मनातल्या मनात म्हणा. नीट पाहिलेत तर रागाखाली अनेकदा काळजी सापडते.

तिसरी, तपासा. मला नक्की काय माहीत आहे, आणि मी काय गृहीत धरले आहे?

याचा अर्थ अन्याय निमूट सोसावा असा नाही. पहिला बाण खरा असतो, त्यावर उपाय केलाच पाहिजे. जवळचे माणूस गेले तर रडावे. कोणी फसवले तर ठामपणे बोलावे. आणि उदासी दोन आठवडे सरत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

आनंद बाहेरून आणावा लागत नाही. दुसऱ्या बाणांचा मारा थांबला की जी मोकळी जागा उरते, तिथे तो आपोआप दिसू लागतो. ही सवय एका दिवसात लागणार नाही, पण सुरुवात आजच करता येईल. मुलाला पुन्हा फोन लावा. विचारा, ‘मघाशी काही सांगायचे होते का रे?’ मग तो बोलेपर्यंत गप्प राहा, आणि फक्त ऐका.