शिसे आणि स्मृती

केलेले कर्म पुसता येते काय, हा प्रश्न जुनाच आहे. म्युनिकच्या एका दैनिकाच्या जन्मकथेत तो आम्हांस नव्या रूपात भेटला. ६ ऑक्टोबर १९४५ रोजी, अमेरिकन लष्करी प्रशासनाच्या परवान्याने, ‘झ्युडडॉइचे त्साइटुंग’चा पहिला अंक निघाला. ज्या शिशावरून हिटलरचे ‘माइन काम्फ’ छापले जाई, ते त्या प्रसंगी समारंभपूर्वक वितळवले गेले आणि त्यातूनच नव्या पत्राच्या छपाईचे साचे ओतले गेले. शिशाला स्मृती नसते. म्हणून हे प्रायश्चित्त सोपे होते.

माणसांचे तसे नव्हते. परवाना मिळालेल्यांपैकी एडमुंड गोल्डशाग हे पूर्वी ‘म्युन्शेनर पोस्ट’ या समाजवादी दैनिकाचे संपादक. हिटलरवर सतत टीका करणाऱ्या त्या पत्राची कचेरी मार्च १९३३ मध्ये नाझींनी उद्ध्वस्त केली. पुढे युद्धकाळात गोल्डशाग यांनी फ्रायबुर्ग येथे एका ज्यू स्त्रीला जिवावर उदार होऊन घरात आश्रय दिला. दुसरे परवानाधारक फ्रान्झ योझेफ शोनिंग. ते युद्धकाळात जर्मनव्याप्त तार्नोपोल जिल्ह्याच्या मुलकी कारभारात उपप्रमुख होते. आणि त्याच काळात तेथील ज्यूंना मृत्युछावणीकडे पाठवले जात होते. शोनिंग १९६० साली निवर्तले. ही हकीकत पुस्तकरूपाने सविस्तर प्रसिद्ध झाली ती २०१३ साली.

आम्ही कचेरीत बसणारे लोक. म्हणून हा दुसरा मनुष्य आम्हांस अधिक अस्वस्थ करतो. आदेश वरून येतो, टिपण खालून वर जाते, आणि मध्ये सही करणाऱ्याला आपले हात स्वच्छच वाटतात. परंतु ज्या यंत्रणेत माणसे मोजून मरणाकडे धाडली जातात, तिच्यात केवळ कागद हलवणारा असा कोणी उरतो काय?

कोणी म्हणेल, पुढे त्यांनी चांगले पत्र चालवले. मग जुने कशाला उकरावे? पत्र चांगले चालले हे खरेच, आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तथापि नव्या सत्कृत्याने जुने ऋण फिटत नाही. कारण ते ऋण ज्यांचे, ते वसूल करावयास उरलेलेच नाहीत. त्यांच्यासाठी एवढेच करता येते की, घडले ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. सत्य सांगणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्यावर तर हे कर्तव्य दुप्पट येते. कर्म पुसता येत नाही. आपल्या हस्ताक्षरात नोंदवता मात्र येते.