घाटमाथ्यावरची हवा

डोंगर ढगांना अडवतो, असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर डोंगर हवेला चढायला लावतो, आणि ढग त्या चढणीवर जन्मतो.

अरबी समुद्रावरून आलेली हवा कोकणात पोचते तेव्हा तिच्यातली वाफ डोळ्यांना दिसत नसते. कडा समोर येतो. हवा वर चढते, फुगते आणि फुगता फुगता गार होते. ढग धरेपर्यंत दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी. माथा ओलांडला की तीच हवा उतरते, दाबली जाते, तापते, आणि ढग विरतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. जवळच्याच वाईला त्याचा लहानसा हिस्सा. वाईवर येते ती हवाही तीच, फक्त उतरणीला लागलेली.

लडाखमध्ये कधी कधी भिंगाच्या आकाराचा ढग शिखरापलीकडे बराच वेळ एका जागी उभा दिसतो. नदीतल्या खडकामागे लाट उभी राहते, तसा. वारा त्याच्या आरपार वाहत असतो. पुढच्या कडेला थेंब घडतात, मागच्या कडेला विरतात. टिकतो तो आकार. पाणी सतत नवं.

सह्याद्रीच्या पावसाळी ढगाला अशी रेखीव कड लाभत नाही. कोकणकड्यासारख्या भिंतीच्या धारेवर प्रवाह तुटतो, भोवरे सुटतात. नाणेघाटात धबधब्याचं पाणी वर उडताना पाहिलेल्यांना तिथल्या वाऱ्याचा जोर सांगायला नको. भोवरे बाहेरची कोरडी हवा ढगात ओढतात. थेंब वाळतात, वाळताना भोवतालची हवा गार करतात, ती जड होऊन खाली बसते आणि मिसळण आणखी वाढते. ढगाची फाटकी कड म्हणजे चालू असलेली झीज.

भोवरा ढग खातो. पाऊसही तोच घडवतो.

पावसाच्या एका टपोऱ्या थेंबात ढगातले दहा लाखांच्या आसपास थेंब मावतात. घाटावरचे ढग पुष्कळदा बुटके. बर्फ धरण्याइतकी उंची त्यांना नसते. तिथे थेंबाने थेंबावर आदळूनच मोठं व्हायचं. सेकंदाला पंधरा मीटर वेगाचा वारा पंधरा किलोमीटरची वाट सतरा मिनिटांत संपवतो. तेवढ्या वेळात थेंबांची गाठ घालून देण्यात भोवऱ्यांचा हात असतो. गाठ उशिरा पडली, तर पाऊस पलीकडच्या खोऱ्यात उतरतो. या घाईवर इतकी शेतीवाडी, इतकी धरणं अवलंबून आहेत, ही गोष्ट मला कोणत्याही पुराणकथेपेक्षा थोर वाटते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2012 मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली. जागा अचूक निवडली: पावसाळ्यात तिथे ढगच दाराशी येतो. पण हवामानाची मॉडेलं प्रदेशाचे काही किलोमीटरांचे चौकोन करून गणित मांडतात. त्या चौकोनात कडा सपाट होतो, दहा-वीस मीटरचा भोवरा तर दिसतच नाही. त्याचा परिणाम अंदाजानेच धरावा लागतो.

माळीण 2014 मध्ये दरडीखाली गाडलं गेलं, इर्शाळवाडी 2023 मध्ये. दोन्ही डोंगरउतारावरच्या वस्त्या, दोन्हीकडे कारण मुसळधार पावसाचं. शेजारच्या दोन खोऱ्यांत पाऊस इतका वेगळा पडतो, तर जिल्ह्याच्या सरासरीत वाडीला काय कळणार? प्रत्येक खोऱ्यात, थेट माथ्याजवळ, पर्जन्यमापक हवा. आणि त्याचा आकडा पाऊस कोसळत असतानाच, रात्री दोन वाजता असला तरी, खालच्या घरांपर्यंत पोचायला हवा.