लवकरच येईन

माझी भाची दोन वर्षे जर्मनीत शिकत होती. विद्यापीठातल्या आणखी चार-पाच परदेशी मुलामुलींबरोबर ती दर बुधवारी गावातल्या एका प्राथमिक शाळेत जाई. मुलांशी खेळावे, आपल्या देशाच्या गोष्टी सांगाव्यात, एवढेच काम. दिवाळीच्या सुमारास मुलांना आकाशकंदील करायला शिकवावे म्हणून तिने काड्या, रंगीत कागद, खळ असा सारा सरंजाम नेला. पाहते तो वर्गभर कंदीलच कंदील! तिकडे ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस असतो आणि पोरे कागदी कंदील घेऊन, गाणी म्हणत, संध्याकाळची रस्त्याने मिरवतात, हे तिला कोठे ठाऊक? द्यायला गेली ती घ्यायलाच बसली.

भाषेचेही तसेच. तिच्या जर्मनमधल्या चुका सात वर्षांची पोरे भर वर्गात सुधारीत. त्या भाषेत सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी! (आपण हसू नये. घरातल्या लेकीला आपणही ‘ते पोर’ म्हणतोच.)

निघायच्या आधीच्या बुधवारी एका मुलाने विचारले, “परत कधी येणार?” ही म्हणाली, “लवकरच.” तिकीट एकेरी होते. एवढे सांगून ती थांबली आणि म्हणाली, “मामा, मी खोटे बोलले का हो?”

आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. त्याला कोणी असत्य म्हणत नाही, कारण सांगणारा आणि ऐकणारा, दोघांनाही त्याचा अर्थ ठाऊक असतो. त्या पोराला तो ठाऊक नव्हता. तो आता बुधवार मोजीत बसणार. सारा फरक पडतो तो येथे.

इव्हान इलिच याहून कडक होते. सुटीत मेक्सिकोतल्या खेड्यांत सेवा करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना त्यांनी १९६८ साली बजावले : पाहायला या, हिंडायला या, शिकायला या, मदत करायला मात्र येऊ नका. गंमत अशी की, व्हिएन्नात जन्मलेले इलिच स्वतःही तेथे पाहुणेच. पण पाहुण्याची खोड पाहुण्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार? आणि मॅक्सीन बर्नसन आहेतच. १९६०च्या दशकात या अमेरिकन विदुषी भाषेच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या, तेथेच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि १९८४ साली त्यांनी तेथे प्रगत शिक्षण संस्था उभी केली. त्यांना ‘परत कधी येणार’ असे विचारायची पाळी कोणा मुलावर आली नाही.

पण आलेल्या प्रत्येकाने मुक्कामच ठोकावा, असे कसे म्हणावे? मग वाटसरूने कोणाच्या अंगणात टेकूच नये काय? मला इलिच येथे पटत नाहीत. बुधवारचा एक तास हा तासच असतो, आणि तेवढा तो खरा असतो. मुलांना पाहुणे आवडतात. पाहुणे जातात, हेही त्यांना कळते. आपल्यालाच ते सांगवत नाही. निरोपाचे अवघडलेपण आपल्याला टाळायचे असते आणि त्याची किंमत मुलाकडून घ्यायची असते.

यातले फारसे काही मी भाचीला सांगितले नाही. “हो, खोटे बोललीस,” एवढेच म्हणालो. ती रागावून उठून गेली. संध्याकाळी पाहतो तो फराळाचे ताट तसेच, आणि ही जर्मन कोश उघडून बसलेली. समोरच्या कोऱ्या कागदावर त्या वर्गाचा पत्ता तेवढा लिहून झाला होता.